ओकपासून डावीकडे

दिदिएर हे लिहिणारच नव्हता. वहीतलं ते पान त्याने दोनदा फाडलं आणि दोनदा चिकटपट्टी लावून परत बसवलं. लिहिण्यानेच एक माणूस गेला, आता आणखी काय लिहायचं! पण मग जूनमधल्या त्या एका दिवसानंतर न लिहिणं जास्त जड झालं.

वही निळी होती. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : बसने जाता येणाऱ्या वाटा. कोस्टा रिकात डोंगर सगळीकडे आहेत, पण गाडी सगळ्यांकडे नाही. दिदिएर कार्तागोत टायरच्या गोदामात कामाला. त्याच्याकडे साधी सायकलपण नव्हती. मग रविवारी बस पकडायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, चालायचं, आणि शेवटच्या बसने परत. प्रत्येक वाटेसाठी एक पान. पहिली बस किती वाजता, शेवटची किती वाजता, पाणी कुठे मिळतं, कुठल्या गोठ्यातला कुत्रा चावतो.

गोदामात हायरो आला तेव्हापासून रविवारी दोघं झाले. हायरो खालचा, मातिनाचा. केळीच्या बागांचा मुलूख. तिथे घामाने शर्ट अंगाला चिकटतो. कार्तागोची थंडी बघून तो दोन स्वेटर घालायचा, तरी दात वाजायचे.

"काय रे बटाट्या, तुमच्याकडे हवा फ्रिजमधून सोडतात का?"

कार्तागोवाल्यांना सगळा देश बटाटेवाले म्हणतो. दिदिएर त्याला केळ्या म्हणायचा. हिशेब बरोबर.

हायरोला एकच वेड होतं. आकाश मोकळं असलं की 'म्हातारी'च्या माथ्यावरून देशाच्या दोन्ही बाजूंचे समुद्र दिसतात म्हणे. म्हातारी म्हणजे सान लोरेन्सो गावावरचा ज्वालामुखी. कधीमधी धूर काढते, खोकते, परत झोपते. दिदिएर त्याच गावात जन्मलेला. ती वाट त्याने डोळे मिटून वहीत लिहिली होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी गोदामात त्याची जादा पाळी लागली.

"तू जा रे केळ्या. पानाचा फोटो घे."

"समुद्र दिसला तर तुझ्या वाटचा पण बघून येतो," हायरो म्हणाला. फोटो काढला आणि गेला.

संध्याकाळच्या शेवटच्या बसला तो आला नाही. ड्रायव्हरने पंधरा मिनिटं गाडी थांबवून हॉर्न वाजवला. मग निघाला.

नऊ दिवस शोध चालला. सगळं गाव डोंगरात! दोर, कुत्रे, शिट्ट्या. काही नाही. एक बूट नाही, एक चिंधी नाही.

चार महिने झाले. मातिनात हायरोच्या आईने अजून नऊ दिवसांची प्रार्थना लावलेली नव्हती. मेलेल्या माणसासाठी लावतात ती. शेजारणी सांगून थकल्या. ती म्हणायची, "त्याचं काहीतरी माझ्या हातात द्या. एक बटण द्या. मग लावते. तोवर माझा मुलगा मेलेला नाही." आणि रात्रंदिवस दाराची कडी उघडी ठेवायची.

म्हणून जूनमधल्या त्या सकाळी हायरोची थोरली बहीण, सिनिया, कार्तागोच्या बसथांब्यावर उतरली. खांद्यावर केळीच्या कारखान्यातला तीस मीटर नायलॉनचा दोर. दिदिएरनेच फोन करून बोलावलं होतं. 'एक बाजू बघायची राहिली आहे' एवढंच सांगितलं होतं. का राहिली, ते सांगितलं नव्हतं.

पावणेसहाची बस. पुढे त्या रविवारचाच ड्रायव्हर. त्याने सिनियाकडे बघितलं, चेहऱ्यातला हायरोशी सारखेपणा त्याला कळला असावा. त्याने रेडिओ बंद केला.

"मास्तर, शेवटची साडेचारचीच ना?" दिदिएरने विचारलं.

"साडेचार." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही या. मी बघतो."

बस कांद्या-बटाट्याच्या शेतांमधून चढत गेली. शेवटच्या थांब्यावर दोन्या एर्मिदाचं किराणा दुकान. दोन्या मानाच्या बाईला म्हणतात. एर्मिदा सत्तरीची, गावात वाट विचारणारी सगळी माणसं तिच्याच पायरीवर येतात. तिने न विचारता दोन पेले गरम गुळाचं पाणी पुढे केलं.

"परत चाललात पोरांनो? म्हातारीचा आज मूड बरा नाही हं. पहाटे दोनदा हलली. माझ्या फळीवरून साबण पडले."

"लवकर येतो, दोन्या."

"जळक्या चीज कारखान्यापासून वर जा. खालच्या वाटेला चिखल आहे."

सिनियाने रस्त्यावर नजर फिरवली. कारखाना कुठेच नव्हता. तिथे कोबी लावला होता. ती दिदिएरकडे वळली. दिदिएरने मान खाली घातली आणि चालायला लागला.

कुरण संपलं. जंगल सुरू झालं. झाडांच्या अंगावर हातभर शेवाळ, फांद्याफांद्यांवर दुसरी झाडं वाढलेली, आणि सगळ्यातून धुकं आरामात हिंडत असलेलं. पावसाची भुरभुर पडत होती. इतकी बारीक, की तिकडचे लोक तिला मांजराचे केस म्हणतात. आवाज नाही, पण तासाभरात माणूस आतपर्यंत ओला. सिनिया दम न खाता चढत होती. कारखान्यात दिवसभर उभं राहून घड उचलणारी बाई, ती काय दमणार!

एका जागी वाट फुटली. डावीकडे एक पायवाट, समोर दुसरी. दिदिएर थांबला.

"शोधायला आलेले सगळे इथून डावीकडे गेले होते," तो म्हणाला.

"माहितेय. मीपण होते."

"आज आपण सरळ जायचं."

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं आणि पाऊल पुढे टाकलं. वीस मिनिटं सरळ. मग धुक्यातून तो पुढे आला. ओक! चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही एवढा. मुळं जमिनीवर पसरलेली. आणि त्याच्या डावीकडून एक वाट खाली उतरलेली. नीट तुडवलेली, माणसाचीच वाटावी अशी.

दिदिएरने वाकून चिखलात बोट ठेवलं. तीन बोटांचा गोल ठसा.

"दांता," तो म्हणाला. "डुकराएवढं तोंड आणि गाढवाएवढं अंग. रोज पाण्यावर जाते. ही वाट तिची आहे."

"म्हणजे खाली पाणी?"

"खाली घळ."

उतार सुरू झाला तो संपेना! बांबूचं रान इतकं दाट की आधी हात घालायचा, मग डोकं, मग पाय. पानांच्या कडा गालाला कापत होत्या. दांता खालून घुसते, माणसाला वाकून, गुडघ्यांवर जावं लागत होतं. एका ठिकाणी दिदिएरच्या पायाखालची मुळं सुटली. सर्रकन गेला! बांबू हातात आला, उपटला. दुसरा आला, टिकला. पाठीवर पडून तो वर बघत राहिला.

"जिवंत आहेस का?" वरून सिनिया.

"बहुतेक."

"मग ऊठ. झोपायला आलो नाही."

हायरो अगदी असंच म्हणाला असता. दोघांच्याही ते लक्षात आलं. 

बांबू संपला तिथे एक सपाट तुकडा होता, घळीच्या अगदी कडेला. तिथे गरिबाची छत्री वाढलेली. ते झाड डोंगरात सगळीकडे असतं, एकेक पान माणसाच्या पसरलेल्या हातांएवढं. पण इथे काही देठ तिरके कापलेले होते. चाकूने.



कापलेली पानं एका खडकाच्या आडोशाला रचलेली होती. छप्पर केलेलं. आता सगळं काळं पडून बसलं होतं, पण थर मोजता येत होते. सिनियाने मोजले. खाली एक थर पूर्ण कुजलेला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा.

"पहिलं सुकलं म्हणून दुसरं घातलं," ती हळू म्हणाली. "ते सुकलं म्हणून तिसरं. किती दिवस लागतात रे हे पान सुकायला?"

"दोन. तीन."

तिने बोटांवर हिशेब केला आणि मूठ मिटून घेतली.

खडकाच्या टोकाला, एका जिवंत पानाच्या शेंड्याखाली, एक पत्र्याचा मग ठेवलेला होता. निळा, कानाशी टवका उडालेला. पानावरून थेंब ओघळत होता आणि बरोबर मगात पडत होता. चार महिने पडत होता. मग काठोकाठ भरलेला.

"आईचा आहे," सिनिया म्हणाली.

तिने तो दोन्ही हातांनी उचलला. ओतून टाकायला वाकली, पण तिला ते पाणी ओतवेना. ती तशीच बसून राहिली. शेवटी तिने तो तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. एका दमात. मग पुसून गळ्यातल्या ओढणीसारख्या फडक्यात गुंडाळला, पाठपिशवीत ठेवला.

"आता सांग," ती म्हणाली. "ही बाजू तुला कशी माहीत?"

दिदिएर तिच्यासमोर चिखलातच बसला.

"मी वहीत लिहिलं होतं, 'ओकपासून डावीकडे.' ती मघाशी वाट फुटली ना, तिथला ओक. पण तिथे ओक नाही. मी सहा वर्षांचा असताना वादळात पडला. लोकांनी कोळशाला नेला. बुंधासुद्धा राहिला नाही. पण गावात अजून सगळे तसंच म्हणतात. ओकपासून डावीकडे, ओकच्या अलीकडे, ओकपाशी भेटू. मी तसंच लिहिलं. मला वेगळं काही सुचलंच नाही, सिनिया. माझ्या डोक्यात तो उभाच होता."

"आणि हायरो..."

"हायरो ओक शोधत पुढे गेला. पुढे त्याला ओक सापडला."

घळीतून पाण्याचा आवाज येत होता.

"आमच्या देशात सगळेच पत्ते असे, आता नसलेल्या खुणांवरून," तो पुढे म्हणाला. "पण गावात विचारायला माणूस असतो. इथे तो कुणाला विचारणार? शोधपथकाने मला विचारलं, काय सांगितलं होतंस? म्हटलं, ओकपासून डावीकडे. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे आमच्याच गावचे. आणि सगळे त्या नसलेल्या ओकपासून डावीकडे गेले. नऊ दिवस. मागच्या आठवड्यात मी पान नव्याने उतरवत होतो. म्हटलं शेजारी ओकचं चित्र काढू. आणि मला तो कसा दिसायचा तेच आठवेना. तेव्हा कळलं."

सिनियाने पाठपिशवी छातीशी ओढून घेतली.

"मी विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पहिल्याच दिवशी. कुठला ओक, म्हणून. तुमच्यातल्या पाच जणांनी एकदम बोट दाखवलं. तो काय, तो! मला तिथे काहीच दिसलं नाही. मला वाटलं, धुकं आहे. मला वाटलं, मी खालची आहे, मला काय कळतंय डोंगरातलं."

ती उठली. घळीच्या कडेला गेली आणि एकदम ओरडली.

"दिदिएर!"

खाली, खूप खाली, काळ्या दगडाच्या कपारीत पिवळं काहीतरी होतं. हायरोचा रेनकोट. नुसता रेनकोट की रेनकोटात हायरो, ते वरून कळत नव्हतं.

दिदिएरने काही विचार केला नाही. "मी उतरतो."

सिनियाने दोर सोडवला. एक टोक खडकामागच्या जाड झाडाला बांधलं. केळीची झाडं घडांच्या ओझ्याने वाकू नयेत म्हणून तिकडे दोऱ्यांनी ताणून बांधतात. हजारो गाठी मारलेले हात होते ते. दुसरं टोक दिदिएरच्या कमरेला, मांड्यांखालून, परत कमरेला. गाठ आवळताना तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर होता. तिने वर बघितलं नाही.

"सिनिया, तुला मला सोडून द्यावंसं वाटलं तर..."

"गप उतर."

तो उतरला. पाय भिंतीला, पाठ हवेत. दगड ओला, शेवाळी, कुजक्या अंड्यांचा वास. म्हातारीच्या पोटातून वाफ येत होती. पाच मीटर. दहा. हाताला लागेल तो दगड सुटत होता आणि खाली जाऊन आपटत होता. वीस. आता रेनकोट नीट दिसायला लागला. पाठमोरा. टोपी वर ओढलेली. टोपीतून काळे केस?

"दिसतंय का काही?" वरून आवाज.

तो आणखी खाली सरकला. पंचवीस. तीस. दोर ताठ झाला. संपला!

खाली अजून दहा-बारा मीटर. टेकायला एक अरुंद कपार होती, तिच्यावरून उजवीकडे सरकत गेलं तर एक भेग, भेगेतून खाली. जमलं असतं. दोर सोडला तर.

त्याने गाठीवर हात ठेवला.

आणि म्हातारी हलली!

आधी आवाज आला. ट्रक पुलावरून जावा तसा. मग भिंतच थरथरली. वरून मातीचा लोंढा! दिदिएरने दगडाला छाती चिकटवली. डोक्यावरून, कानावरून, पाठीवरून दगड! एक खांद्यावर बसला, हात बधिर झाला. पाय सुटले. तो दोराला लटकला, गरगर फिरला, भिंतीवर आपटला. खाली धाडकन काहीतरी कोसळलं आणि सगळी घळ धुळीने भरली.

मग शांत.

"दिदिएर! दिदिएर!"

"आहे!" तो खोकला. "आहे मी!"

धूळ खाली बसली. कपार राहिली नव्हती. भेग राहिली नव्हती. पिवळ्याच्या अर्ध्या भागावर दगडमाती. बाही तेवढी दिसत होती.

"मी पोचतो!" तो ओरडला. का ओरडला ते त्यालाच कळलं नाही. "दोर सोडून उडी मारली तर..."

"वर ये!"

"तो तिथे आहे, सिनिया! मला दिसतोय तो!"

"मला माहितेय तो तिथे आहे!" तिचा आवाज फाटला. "तू पण तिथे राहिलास तर तुझ्या आईला मी काय नेऊन देऊ? तो निळा मग एकच आहे! वर ये!"

दिदिएरने एकदा खाली बघितलं.

"हायरो," तो म्हणाला. बाकी काही सुचलं नाही.

मग तो चढायला लागला. एक हात निकामी. पाय रोवायचा, सिनिया ओढायची. पाय रोवायचा, ती ओढायची. कडेशी आला तेव्हा तिने त्याच्या कॉलरला धरून आत खेचलं. तिच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. झाडाला दोर बांधलेला असूनही तिने तो सबंध वेळ हातात धरून ठेवला होता.

दोघं तिथेच रडले. वेगवेगळ्या दिशांना तोंड करून.

नंतर सिनियाने फडक्याची गाठ परत तपासली, आतला मग जागेवर आहे ना बघितलं, आणि म्हणाली, "किती वाजले?"

पावणेतीन.

परतीची वाट जास्त वाईट होती. पाऊस आता मांजराचे केस राहिला नव्हता, सरळ कोसळत होता. बांबूतून वर चढताना दिदिएरचा एक हात गळ्यात बांधलेला. दांताच्या वाटेवरून पाण्याचा ओढा वाहत होता. ओकपाशी आले तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की पसरलेला हात दिसत नव्हता. कुठली वाट गावाकडे? समोर पांढरं, मागे पांढरं.

साडेचार वाजून गेले.

आणि हॉर्न वाजला. लांब, खालून, डावीकडून. थांबला. परत वाजला.

"मास्तर," दिदिएर म्हणाला. "थांबलाय."

ते आवाजाच्या रोखाने निघाले. दर मिनिटाला हॉर्न. वाट चुकतेय असं वाटलं की उभं राहायचं, ऐकायचं, परत चालायचं. अर्ध्या वाटेत सिनिया एकदम थांबली.

"त्या दिवशी पण वाजवला होता ना याने?"

"पंधरा मिनिटं."

"इथपर्यंत ऐकू येतोय." ती मागे, घळीच्या दिशेला बघत राहिली. "खालीपण येत असेल."

परत हॉर्न वाजला, तेव्हा ती वळली. 

बस थांब्यावर दिवे लावून उभी होती. आतले चार-पाच प्रवासी, कुणीही कुरकुर केली नाही. ड्रायव्हरचा हात अजून हॉर्नवर होता. त्या दोघांना मोजून बघितल्यासारखं बघितलं त्याने, आणि मग हात काढला.

दोन्या एर्मिदाने दिदिएरचा खांदा बघितला, देवाचं नाव घेतलं आणि गरम फडकं आणायला आत वळली. तिच्या पायरीवर पावसामुळे अडकलेलं एक जोडपं उभं होतं. राजधानीतलं, नवे कोरे बूट. उद्या परत येऊ म्हणत होते, वाट विचारत होते.

"सोपी आहे हो," दोन्या आतूनच सांगत होती, रोज सांगते तशी. "जळक्या चीज कारखान्यापासून वर जायचं. मग जंगल लागेल. मग तो पोरगा हरवला ना, तिथून डावीकडे."

सिनिया बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. तशीच राहिली.

दिदिएर त्या जोडप्यापाशी गेला. "मी सांगतो," म्हणाला. "वाट फुटते तिथे काहीही नाही. झाड नाही, खूण नाही. काही नाही दिसलं की तिथूनच डावीकडे वळा. पुढे मोठा ओक दिसला तर तुम्ही चुकलात. मागे फिरा. कळलं? ओक दिसला की मागे फिरा."

त्यांनी ते फोनमध्ये टिपून घेतलं.

बस निघाली. काचांवर पाणी. सिनियाने पाठपिशवी मांडीवर धरली होती, आतला मग वळणावळणाला तिच्या कुशीत टोचत असावा. उद्या सकाळी ती मातिनाला पोचेल. मग प्रार्थना सुरू होईल, आणि आई दाराला कडी लावेल.

बऱ्याच वेळाने ती बोलली.

"आत्तापासून तो पण तुमच्या त्या ओकसारखा झाला. पोरगा हरवला तिथून डावीकडे. वीस वर्षांनी कुणाला माहीत पण नसेल, कुठला पोरगा."

दिदिएरने गळ्यात बांधलेला हात सावरला.

"वही ठेवली आहेस ना?"

"जाळणार होतो."

"जाळू नकोस. बिनगाडीच्या माणसांनी जायचंच नाही का कुठे?" तिने सोललेला तळवा त्याच्यापुढे उताणा धरला, सौदा करताना धरतात तसा. तिचे डोळे भरलेले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हायरोचं काहीतरी आलं होतं. "शब्द दे, बटाट्या."

त्याने जपून, दुखणार नाही असा, तिच्या हातावर हात ठेवला.

"चुकलेली ओळ खोडणार नाही. तशीच ठेवीन, आणि खाली खरी लिहीन. वाट फुटते तिथे पांढरा दगड उभा करीन, त्यावर त्याचं पूर्ण नाव घालीन, धुक्यातही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. दर उन्हाळ्यात पहिल्या बसने जाऊन रंग देईन. आणि जोवर माझे पाय चालतात, सिनिया, तोवर तो दगड तिथे असेल. खरोखर असेल."